परवचा, पंतोजी आणि आजची शिकवणी

शिकवणी ही आजकालची टूम आहे, असे आपल्यातील पुष्कळ जणी म्हणतात. आमच्या वेळी कुठे होती बाप्पा ही ट्युशन, असे म्हातारी माणसे विचारतात. परंतु थोडे मागे जाऊन पाहिले तर असे दिसते की, शिकवणी ही सरकारी शाळेपेक्षा वयाने कितीतरी थोरली आहे. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत काहीतरी लिहा, असे आपल्या अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा हाच विषय मनात आला. मी काही विदुषी नव्हे. माहेरच्या गावी सातवीपर्यंतच शाळा होती, तेवढीच माझी पुंजी. बाकी जे सांगते आहे ते वाचनालयातील पुस्तकांत वाचलेले आणि घरच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेले आहे. तेव्हा भगिनींनी ते गोड मानून घ्यावे.

आपले वऱ्हाड १८५३ सालापर्यंत निजामाच्या कारभारात होते. त्या सालच्या तहाने ते इंग्रजांच्या हाती आले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी मुलखात लेकरांना अक्षरओळख होई ती पंतोजीकडे. कुणाच्या वाड्याची ओसरी, नाही तर देवळाचा सभामंडप, हीच त्याची शाळा. त्याला सरकारचा पगार नसे. ज्यांची मुले त्याच्याकडे येत ते आईबाप महिन्याला काही पैसे देत, सुगीला धान्य देत, सणावाराला शिधा देत. म्हणजे फी देणारे आईबाप आणि घेणारा एकटा गुरू. मध्ये सरकार नाही, छापील पुस्तक नाही, वार्षिक परीक्षा नाही. आजच्या शिकवणीत आणि त्यात फरक तो काय?

त्या शाळेत मुलाच्या हाती प्रथम येई ती धूळपाटी. लाकडाच्या फळीवर विटेची भुकटी किंवा बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने तीवर अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे. कागद महाग, शाई घरी करावी लागे, म्हणून ही सोय. ओनामा झाला, मुळाक्षरे झाली, बाराखडी झाली, की मोडी वळण घटवायचे. त्याच्या बरोबरीने अंक आणि पाढे. आणि पाढे म्हणजे आपण म्हणतो तेवढेच नव्हेत. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या मुलांना हे शब्दही ठाऊक नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

कारण ते पाढे बाजारासाठी होते. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, चाळीस शेरांचा मण. सारा व्यवहार पाव, अर्धा, पाऊण, सव्वा असा चाले. दिडकी पाठ असलेल्या मुलाला दीड रुपया डझनाने बारा डझन फळांचे अठरा रुपये झाले, हे बोट न मोडता सांगता येई. साडेतीन सोळा वेळा म्हणजे छप्पन्न, हे औटकीवाल्याच्या ओठांवर असे. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, शंभर पैशांचा रुपया झाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आले, आणि पावकी-निमकीचे काम संपले. औटकी कुणी बंद केली नाही. तिचा उपयोग सरला आणि ती आपोआप मागे पडली. तरी मला वाटते, निदान दिडकीपर्यंत ठेवायला हरकत नव्हती. आमच्या घरच्या मुलाला पावणेदोन म्हणजे किती, हे मला बोटांवर दाखवावे लागले. २०१९ साली तर दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि त्यावर राज्यभर मोठा वाद झाला. त्यात मी पडत नाही. ज्या लेकराला जसे सुधरेल तसे त्याने म्हणावे.

पंतोजीच्या शाळेतील आणखी एक रीत सांगण्याजोगी आहे. एकटा गुरू आणि मुले लहानमोठी, तेव्हा ज्याचे वीसपर्यंत पाढे झाले तो दहावाल्याकडून म्हणवून घेई. ही रीत आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी होती. मद्रासेला अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा पाहत असत. तेथे त्यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. मग आपल्या शाळेतही त्यांनी वाळूवर अक्षरे गिरवायला लावली आणि शिकलेल्या मुलाकडून न शिकलेल्याला शिकवण्याची व्यवस्था लावली. १७९७ साली त्यावर त्यांनी लंडनला पुस्तक छापले, आणि पुढे इंग्लंडातील हजारो गरीब मुले 'मद्रास पद्धती'ने शिकली. आपल्याकडची ओसरीवरची गोष्ट विलायतेत गेली आणि तिकडून नवी पद्धत म्हणून नावारूपास आली!

हे वाचून कुणी म्हणेल, मग पूर्वीचेच बरे होते. तसे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. त्या ओसरीवर मुलगी बसत नव्हती. अस्पृश्य मानलेल्या घरातील लेकराला तर पायरीही चढता येत नव्हती. आणि मार! अंगठे धरून तासभर उभे करणे ही त्यातली सौम्य शिक्षा. छडीच्या धाकाने कित्येक मुले घरून निघत आणि रानात जाऊन लपत. शिकवणी जितकी जुनी, तितकीच ती काही थोड्यांपुरती होती, हे विसरून चालणार नाही.

आता परवच्याविषयी. पंतोजीची शाळा सुटली तरी अभ्यास सुटत नसे. दिवेलागणीला हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून मुलांनी ओळीने बसायचे आणि पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रे, श्लोक म्हणायचे. यालाच परवचा म्हणत. पुढे गावोगाव शाळा झाल्या, पंतोजी गेले, पण परवचा पुष्कळ घरांत टिकून राहिला.

माझ्या आजेसासूबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. सही म्हणून अंगठा. पण त्यांना दिडकीपर्यंतचे सारे पाढे येत. कसे, म्हणाल तर त्यांचे भाऊ ओसरीवर परवचा म्हणत आणि त्या आत चुलीपाशी भाकरी थापत ऐकत. त्यांना कुणी शिकवले नाही आणि कुणी अडवलेही नाही. नव्वदीला टेकल्या होत्या तेव्हाची गोष्ट. माझा मोठा मुलगा त्यांच्या खाटेजवळ बसून पाढे म्हणायचा. त्या डोळे मिटून पडलेल्या असत. आम्हांस वाटे, झोप लागली. इतक्यात चुकीच्या जागी आवाज येई, "थांब रे बापू, कायतरी इसरला तू. पह्यल्यापासून म्हन." अंकसुद्धा ओळखू न येणारी बाई केवळ कानाने तेराच्या पाढ्यातली चूक पकडीत असे. त्या चूक दुरुस्त करून देत नसत, हेही लक्षात घ्यावे. त्या एवढेच म्हणत, पुन्हा म्हण. आठवण्याचे काम मुलाचे मुलालाच करावे लागे.

घोकंपट्टीला आता सगळेच नावे ठेवतात, आणि न समजता केलेली घोकणी वाईटच. पण रोज थोडे म्हणणे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सारे म्हणणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जर्मनीतील एबिंगहाऊस नावाच्या विद्वानाने हे मोजून पाहिले. अर्थ नसलेल्या शब्दांच्या माळा करून त्याने स्वतःच त्या पाठ केल्या आणि किती वेळात किती विसरते याची नोंद ठेवली. १८८५ साली त्याचे पुस्तक निघाले. पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांतच निसटते, असे त्याला आढळले. आणि एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हणून त्याला जे साधले, तेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधले. परवचा म्हणायला लावणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना देवाजवळ दिवा लावायची वेळ ठाऊक होती. रोज दिवा, रोज परवचा.

इंग्रजी अमलातील शाळांचा इतिहास मी फार लांबवीत नाही. शाळाखाती निघाली, छापील क्रमिक पुस्तके आली, इन्स्पेक्टर आले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले. त्या मागणीला देशभर कायद्याचे बळ मिळायला २०१० साल उजाडावे लागले.

बायकांना मात्र शाळेच्या आधी शिकवणीनेच दार उघडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सावित्रीबाई फुले १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. त्यांनी स्वतः पहिले धडे घेतले ते कुठल्या शाळेत नव्हे, घरी, जोतीरावांजवळ. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन पुण्याला आल्या तेव्हा वय अकरा आणि अक्षराची ओळख नाही. न्यायमूर्तींनी स्वतः त्यांना रात्री शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे ट्रेनिंग कॉलेजातील एक बाई त्यांना शिकवायला घरी येऊ लागल्या. घरातल्या बायकांना ते खपले नाही. टोमणे, अबोला, सारे त्यांनी सोसले. रमाबाईंनी १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक छापले, त्यात हे सारे आहे. आपल्या वाचनालयात मिळाले तर प्रत्येकीने वाचावे. वाचताना माझ्या मनात आले की, त्यांच्या शिकवणीत खरी किंमत पैशाची नव्हती. दिवसभर कचेरीत काम करून आलेला माणूस रोज रात्री जवळ बसत होता आणि काय वाचलेस ते सांग म्हणून विचारीत होता.

विचारणे यावरून आपल्या अमरावती जिल्ह्याच्या गाडगेबाबांची आठवण होते. बाबांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते. पण त्यांचे कीर्तन कसे होते, हे ज्यांनी ऐकले त्यांच्याकडून ऐकावे. बाबा सांगत थोडे आणि विचारीत फार. समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्या तोंडून उत्तर काढायचे आणि त्या उत्तरावर दुसरा प्रश्न. हजारो माणसे बोलती होत. घरातली भांडी मोडा, हातावर भाकर घ्या, पण लेकरांना शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश वऱ्हाडात घरोघर माहीत आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. शिकलेल्या माणसालाच शिकवता येते असे ज्या आयांना वाटते, त्यांनी बाबांचे कीर्तन आठवून पाहावे.

अमरावतीशी संबंध असलेली दुसरी व्यक्ती म्हणजे ताराबाई मोडक. त्यांचे यजमान अमरावतीला वकिली करीत आणि लग्नानंतर काही वर्षे ताराबाई तेथे राहत होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याजवळ गेल्या, आणि लहान मुलांचे शिक्षण हेच त्यांचे आयुष्य झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची लेकरे शाळेत येत ना, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्यावरून अंगणवाडी हा शब्द आला. जी मुले गुरे राखीत त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. आज आपल्या गल्लीत अंगणवाडी आहे, तेथे खाऊ मिळतो, वजन होते. पण देशभर योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणि ते नाव तिच्या तीस वर्षे आधीपासून ताराबाई-अनुताईंच्या कामात वाढत आले होते. मुलाला धाक दाखवू नये, बक्षिसाची लालूच लावू नये, त्याच्या हातांना काम द्यावे, असे त्या सांगत. पाठांतराचा या मंडळींना थोडा राग होता आणि छडीच्या शाळा पाहिलेल्या माणसांना तो यावा हे स्वाभाविक आहे. मला विचाराल तर ताराबाईंची माया आणि आमच्या आजेसासूबाईंचा परवचा, दोन्ही एका घरात नांदू शकतात.

माझ्या लहानपणी ट्युशन हा शब्द श्रीमंताघरचा होता. चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा आली की गुरुजी शाळा सुटल्यावर जादा तास घेत आणि त्याचे पैसे घेत नसत. (ती परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षे पाचवी-आठवीला गेली होती.) मग हळूहळू दिवस पालटले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. त्यात शाळेच्या शिक्षकाने खाजगी शिकवणी करू नये, असे कलमच आहे. त्यामुळे हे काम दुसऱ्या माणसांकडे आले. आपल्या गावात ते बहुतेक बायकांकडे आले. राज्यात मध्यंतरी बरीच वर्षे शिक्षकभरती थंडावली. डी.एड. होऊन घरी बसलेल्या कित्येक लेकी-सुना ओसरीवर वीस-पंचवीस मुले घेऊन बसू लागल्या. पंतोजीच्या ओसरीवर मुलीला जागा नव्हती. आज त्या ओसरीवर पंतोजीच्या जागी सून बसली आहे! हे मला मनापासून आवडते. तिच्या दोन पैशांविषयी कुणी वाकडे बोलू नये.

आणि गरजही खरी आहे. मृगाचा किंवा आंबियाचा संत्रा तोडणीला आला, नाही तर रोपवाटिकांत कामाची घाई असली, की आईबाप दोघेही सकाळी जातात ते अंधार पडताना येतात. मुलगा घरी एकटा राहण्यापेक्षा बाईंकडे बसलेला बरा. असरच्या २०२२ च्या पाहणीत देशातील खेड्यांत पहिली ते आठवीच्या शंभरांतील तीस मुले पैसे देऊन शिकवणीला जातात, असे आढळले. चार वर्षांपूर्वी ती सव्वीस होती. बिहारात आणि पश्चिम बंगालात तर सत्तराच्या वर.

माझी काळजी निराळी आहे. चक्कीवर, दवाखान्यात, हळदीकुंकवाला, जिथे जावे तिथे एकच प्रश्न, "काऊन वो वहिनी, पोराले ट्युशन लावली का नाही?" आणि लावली म्हटले की विषय संपतो. पहिलीतले लेकरू शाळेतून येते, पोटात घास जातो न जातो तोच दुसरे दप्तर पाठीला. तिथे फळ्यावरचे उतरवून घेते, वही भरते, घरी येते. आई विचारते, झाला का अभ्यास? ते म्हणते, झाला. मग मोबाईल. त्याने जे लिहिले ते दिवसभरात एकदाही कुणी त्याला तोंडाने म्हणायला लावलेले नसते. बाईंकडे पंचवीस मुले, त्यांना प्रत्येकाचे ऐकायला वेळ कुठला? पंतोजीकडे हीच अडचण होती, पण त्यानंतर घरी परवचा होता. शिकवणी टिकली आणि परवचा गेला, असे झाले आहे.

यावर आपल्या भगिनी म्हणतात, आम्हांला कुठे येते? पुस्तके बदलली, गणित इंग्रजीत आले, सेमी की काय ते. मलाही त्यातले फारसे येत नाही. माझी मुले आता मोठी झाली, पण दिराची दोन आहेत, एक दुसरीत, एक चौथीत. दिवा लागला की मोबाईल धान्याच्या डब्यावर ठेवून आम्ही तिघे बसतो. प्रथम दप्तर न उघडता आज शाळेत काय झाले ते सांगायचे. मग पाढा सरळ, मग मधूनच विचारायचा, सात आठे किती, नऊ सक किती. मोठीने धाकट्याला धडा वाचून दाखवायचा आणि धाकट्याने पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगायचा. इंग्रजी शब्द मी पुस्तक हातात धरून ताडून पाहते. शब्दाचा अर्थ मला आला नाही तरी त्यांनी अक्षरे बरोबर सांगितली की नाहीत, एवढे सातवीच्या पुंजीवर कळते. कालचे चार शब्द आणि मागल्या रविवारचे चार. अडले तर मी सांगत नाही, खूण करून ठेवते, ते उद्या बाईंना विचारायचे. अर्धा तास होतो. मोठी कंटाळली तर त्याहून कमी. धाकटा कधी कधी माझीच परीक्षा घेतो आणि औटकीत मला अडकवायला पाहतो. ती मी त्याच्याच साठी पुन्हा पाठ केली.

बाईंकडे ती दोघे जातातच. बाईंना मी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, घरी कुणी ऐकणारं असलं की मला निम्मं काम." असे ऐकणारे ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणी नसते, अशी आपल्या दोन गल्ल्यांत मी मोजली तर अकरा लेकरे निघाली. मंडळाच्या खोलीत भजन बसते ते साडेसातला. सहा ते सात खोली मोकळी असते, सतरंजी तिथेच आहे, दिवा आहे. एकेका संध्याकाळी दोघी बसल्या तर कुणाच्या स्वयंपाकाचा खोळंबा व्हायचा नाही. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायांनी आधी यावे, अशी माझी विनंती आहे. सोमवार आणि गुरुवार मी घेते. बाकीचे वार येत्या बैठकीत वाटून घेऊ.